जुनी एसएलके दुसऱ्याच गिअरमध्ये अडकते. गिअरबॉक्स बदलावा का?

तुमची गाडी १९९९ ची मर्सिडीज एसएलके २३०. अर्धा-पाऊण तास चालली, गरम झाली की दुसऱ्या गिअरमध्ये अडकते, बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी चालते. आणि धुळ्याच्या मेकॅनिकनं नुसती चालवून पाहून सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, जुना आणून बसवू."

त्याला गाडीखालून बाहेर काढा आधी. बंद-चालू केल्यावर जी गाडी सगळे गिअर नीट घेते, तिच्या क्लच प्लेटा जळालेल्या नसतात. जळालेली प्लेट चावी फिरवून बरी होत नाही.

मी चाळीसगावला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गॅरेज वडिलांचं, आता आम्हा दोघा भावांचं. इंजिन-गिअरबॉक्स दादाकडे, वायरिंग माझ्याकडे. दादाचं पहिल्यापासून एकच म्हणणं, गिअर म्हणजे लोखंडाचं काम, वायरमननं त्यात हात घालू नये. साध्या गिअरच्या गाड्यांना ते खरं आहे. तुमच्या ऑटोमॅटिक गाडीत प्रत्येक गिअर कधी पडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, तिथं ते खोटं आहे. हे मी दादाला तोंडावर सांगितलंय, इथंही सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात अमळनेरच्या एका गिऱ्हाइकाची अशीच एसएलके आली. कन्नडचा घाट ट्रकांच्या मागं रांगत चढली, आणि वर सपाटीला लागल्यावरही गिअर वर जाईना. इंजिन नुसतं किंचाळतंय. त्यांनी शहाणपणा केला, दोरी बांधून ओढली नाही, आख्खी गाडी ट्रकवर चढवून खाली आणली. (तुम्हीही ओढू नका. इंजिन बंद असलं की आतला तेलाचा पंप फिरत नाही, आणि मागची चाकं गिअरबॉक्सला कोरडाच फिरवत राहतात.) दादानं गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली आणि मालकाला म्हणाला, "प्लेटा गयात भाऊ." मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानात फोन करून जुन्या गिअरबॉक्सचा भावही विचारला. मी मालकाकडून एक रात्र मागून घेतली.

त्या गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला एक गोल, तेरा पिनांचा प्लग असतो. गाडी वर घेतली, प्लगची कॉलर फिरवली, ओढला. पिना लाल तेलात भिजलेल्या. त्या प्लगच्या घराला दोन ओ-रिंगा (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) असतात, त्या वयानं कडक झाल्या की तेल पिनांपर्यंत येतं आणि तिथून वायरच्या आतून चढत चढत थेट कंट्रोल युनिट, म्हणजे गिअरचा कॉम्प्युटर गाठतं. मी पिना पुसून कोरड्या केल्या, वायरिंगचं टोक खाली मोकळं सोडलं आणि त्याच्याखाली जुना पेपर अंथरला. सकाळी पेपरवर रुपयाएवढा लाल डाग होता, मधे गडद, कडेला फिका. दादाला बोलावून दाखवला. तो बघून चहाला निघून गेला.

नंतर स्कॅनर लावला. गिअरबॉक्सच्या स्पीड सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला. हे दोन सेन्सर आत, तेलात बुडालेल्या एका इलेक्ट्रिकल प्लेटवर असतात (क्लच प्लेट वेगळी). ते गरम झाले की कधीकधी सिग्नल सोडतात. कॉम्प्युटरला आतला वेग कळेनासा झाला की तो धोका पत्करत नाही, गाडी दुसऱ्यात बांधून ठेवतो. बंद-चालू केलं की पुन्हा नव्यानं मोजायला लागतो. तुमची तक्रार वाचून मला हेच आठवलं.

ती प्लेट आणि प्लगचं घर बदललं, फिल्टर आणि चेंबरचं (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तसराळ्याचं) पॅकिंग नवीन, तेल नवीन. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, चेंबर उघडून खालूनच काम होतं. त्या काळच्या ई क्लासलाही हाच पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे सामान मिळतं, आणि या प्लेटला प्रोग्रॅमिंग लागत नाही. संध्याकाळी दादाला शेजारी बसवून घाट चढलो. वर सपाटीवर इंजिनच्या फेऱ्यांचा काटा खाली आला, तिसरा पडला, मग चौथा. मी काही बोललो नाही. दादा म्हणाला, "तेल बदललं म्हणून चालली."

आजही तो तेच सांगतो. पण मालकानं तीनच महिन्यांपूर्वी तेल बदललं होतं, पावती गाडीतच होती. तेलानं होणार असतं तर मे महिन्यात घाटात अडकलीच नसती.

तर तुमच्या मेकॅनिकला विचारा, प्लग काढून पाहिला का? बॅटरी आणि चार्जिंग मोजलं का? कमी करंटनंही या गाड्या अशाच अडकतात. स्कॅनर गिअरबॉक्सचा वेग चालत्या गाडीत दाखवणारा हवा, नुसता इंजिनचा नको. गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळीला झाकण असतं पण आत काडी नसते, मोजायची काडी वेगळी आणावी लागते. तेल ८० अंशाला, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये मोजायचं. अंदाजानं जास्त ओतलं तर फेस होतो आणि गिअर आणखी बिघडतात. आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही असं कंपनीनं आधी सांगितलं होतं, नंतर तीच बदलायला सांगू लागली. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, हे तेल रेडिएटरमधून थंड होतं, तेव्हा रेडिएटरही तुंबलेला नाही ना बघा.

एक मात्र आहे. रेस दिल्यावर काटा चढतो आणि गाडी उचलत नाही, तेलाला जळका वास येतो, किंवा चेंबरमध्ये लोखंडाचा चुरा सापडतो, असं असेल तर दादा बरोबर आणि मी चूक. मग गिअरबॉक्स उघडावाच लागेल. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काही नाही, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आज प्लग काढा, पुसा, खाली पेपर घाला. सकाळी डाग पडला असेल तर त्याचा फोटो टाका, मला दादाला दाखवायचाय.