मुलगी शाळेच्या स्विमिंग टीममध्ये आहे, सगळ्या विषयांत पास आहे, मग अमेरिकेत कॉलेज टीमसाठी एलिजिबल झाली का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पुण्यात नववी करून डॅलसला आली, आता दहावीत आहे, शाळेकडून पोहते आणि कुठेच नापास नाही, तर कॉलेजसाठी अजून काही लागतं का. हो, बरंच लागतं. आमच्या घरी नेमक्या याच समजुतीत मुलाचं एक वर्ष गेलं म्हणून जरा सविस्तर सांगते.

टेक्सासमध्ये नो पास नो प्ले आहे, ७० मार्क पडले की शाळेकडून खेळता येतं. पण तो शाळेपुरता नियम झाला, कॉलेजचा हिशोब एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) स्वतः वेगळा करते. ७० म्हणजे बऱ्याच शाळांत सी, आणि सगळीकडे सी असेल तर जीपीए, म्हणजे ग्रेडच्या पॉइंटची सरासरी, होतो २.०, डिव्हिजन वनला (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) पहिल्या वर्षापासून रेसमध्ये उतरायला लागतो २.३. म्हणजे चारही वर्षं शाळेसाठी पोहलेली मुलगी कॉलेजात अडकू शकते.

आणि हा जीपीए म्हणजे ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या सगळ्या ग्रेडच्या कागदावर) छापलेला असतो तो नव्हे हो. फक्त १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषय, धरतात, इंग्लिशचे ४, मॅथ्स ३ (अल्जेब्रा वन किंवा त्याच्या वरचं), सायन्स २, सोशल २, या इंग्लिश-मॅथ्स-सायन्समधला अजून १ आणि वरचे ४ यातलेच किंवा फॉरेन लँग्वेज वगैरे. जिम, बँड, आर्ट, हेल्थ सगळं बाहेर. ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १, आणि प्लस मायनस धरतच नाहीत, बी प्लस पण ३ आणि बी मायनस पण ३.

आमच्या मुलाचा शाळेचा जीपीए होता २.९. पहाटे साडेचारला उठून पूलवर जायचा, अकरावीत अल्जेब्रा टू मध्ये डी आला. उन्हाळ्यात एका ऑनलाइन कंपनीचा तीन आठवड्यांचा कोर्स करून तो बी केला, शाळेने क्रेडिट दिलं, आम्ही निर्धास्त. बारावीच्या नोव्हेंबरमध्ये कळलं की तो कोर्स एनसीएएच्या मान्य यादीतच नाही. त्या रात्री डायनिंग टेबलावर ट्रान्सक्रिप्ट पसरून मी पिवळ्या हायलायटरने एकेक कोअर कोर्स रंगवला आणि पॉइंट मांडले, १६ कोर्सचे ३६ पॉइंट. २.३ ला लागतात ३७. तीनदा बेरीज केली, तो बी धरला असता तर ३८ झाले असते. पुन्हा देऊन सुधारायचं म्हटलं तर तोही मार्ग बंद, कारण बारावी सुरू व्हायच्या आत १० कोअर पूर्ण लागतात, त्यातले ७ इंग्लिश, मॅथ्स, सायन्सचे, आणि ते ग्रेड तिथेच लॉक होतात, त्यात हा अल्जेब्रा अडकलेला.

मग तो अ‍ॅकॅडेमिक रेडशर्ट झाला. म्हणजे स्कॉलरशिप मिळाली, प्रॅक्टिस करता आली, पण पहिलं वर्ष एकही रेस नाही. पहिल्या होम मीटला आम्ही पाच तास ड्राइव्ह करून गेलो तर तो टीमचा टीशर्ट घालून आमच्याच शेजारी स्टँडमध्ये बसला होता, त्याच्या इव्हेंटला दुसरा मुलगा ब्लॉकवर चढला तेव्हा मान खाली घालून बुटाची लेस सोडत बांधत राहिला, मला त्याच्याकडे बघवेना.

तुमच्याकडे अजून वेळ आहे म्हणून कळकळीने सांगते. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (खेळाडूंची पात्रता तपासणारा विभाग) साइटवर शाळेचं नाव टाकलं की मान्य कोर्सची यादी दिसते, मुलीचा प्रत्येक विषय त्यात आहे का ते या आठवड्यातच बघा. कुठलाही समर किंवा ऑनलाइन कोर्स घ्यायच्या आधी काउन्सेलरला "शाळा क्रेडिट देईल का" एवढंच विचारू नका, "एनसीएए धरेल का" असं विचारा. आम्ही पहिलाच प्रश्न विचारला होता.

पुण्याची नववी पण मोजतात, हायस्कूल नववीपासून धरतात ना. बोर्डाची परीक्षा नसली तरी त्या वर्षाची मार्कशीट लागणार, आणि ती मराठीत असेल तर मूळ प्रत अधिक सर्टिफाइड भाषांतर दोन्ही. शाळेच्या ऑफिसात जुना रेकॉर्ड काढून शिक्का मारून घ्यायला किती खेपा पडतात ते तुम्हाला माहितीये, तेव्हा आजी-आजोबा किंवा कोणी तिथे असेल तर आत्ताच कामाला लावा, बारावीत धावपळ नको.

एसएटीची (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः अ‍ॅडमिशनसाठी मागू शकतं. डिव्हिजन टू ला २.२ लागतो. डिव्हिजन थ्रीमध्ये मार्कांचं कॉलेज ठरवतं, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, अभ्यासाची किंवा गरजेनुसार मदत मिळते, आणि पोहणं तिथेही मनापासून चालतं, तो पर्याय कमी समजू नका.

मुलीच्या आत्तापर्यंतच्या ग्रेड इथे टाकल्यात तर बेरीज मी करून देईन, फक्त शाळेचं नाव नका लिहू.