मँगनाइटचा रोध मोजताना

चुंबकीय क्षेत्रात रोध कसा घसरतो हे मोजायला सुरुवातीला लँथॅनम-कॅल्शियम मँगनाइट (मँगनीजचं एक ऑक्साइड) घेतलंस, निवड उत्तम आहे. लँथॅनमच्या एक-तृतीयांश जागी कॅल्शियम असेल तर २५० ते २७० केल्विनच्या आसपास रोधाचं शिखर दिसेल. त्याखाली वहन धातूसारखं, वर अर्धवाहकासारखं.

भौतिकशास्त्रज्ञ झेनरने १९५१ मध्ये मांडलेली दुहेरी विनिमयाची कल्पना आधी नीट समजून घे. मँगनीजचा ई-जी कक्षकातला (बाहेरच्या, वरच्या ऊर्जेच्या कक्षकातला) इलेक्ट्रॉन ऑक्सिजनमार्गे शेजारच्या मँगनीज अणूवर जातो, पण दोन्हींकडच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असले तरच सहज. चुंबकीय क्षेत्राने स्पिन एका दिशेला येतात, रोध घसरतो. मात्र तिथेच थांबू नकोस. शिखरावरचा प्रचंड रोध नुसत्या याने निघत नाही. यान-टेलर विकृतीमुळे, म्हणजे मँगनीजभोवतीची ऑक्सिजनची चौकट ताणली गेल्यामुळे, इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या जाळीत अडकतो, ते धरावंच लागतं.

मोजणी चार टोकांचीच कर: दोन टोकांतून प्रवाह, दुसऱ्या दोन टोकांवर व्होल्टेज. आणि ऑक्सिजन सांभाळ! माझे दोन महिने त्यात गेले. भट्टीतलं वातावरण बदललं होतं, त्यामुळे मँगनीजची संयुजा बदलली, शिखर सरकलं आणि मी तापमापीवरच संशय घेत राहिलो.

भाजलेल्या गोळीत, शिखरापासून दूर कमी तापमानाला अगदी थोड्या क्षेत्रातही रोध झपकन उतरला, तर तो बहुधा कणसीमांचा, म्हणजे गोळीतल्या बारीक स्फटिककणांमधल्या सांध्यांचा परिणाम असतो. एकस्फटिकाशी ताडून पाहा.