सगळा इतिहास लिहून झालेला नाही

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञानला ८१ टक्के मिळाले. आता ती इतिहासात बी.ए. करायचं म्हणतेय. 'सगळं तर आधीच लिहून ठेवलंय, सनावळ्या पाठ करून पुढे काय?' असं तिचे बाबा विचारतात. काय करावं? – एक आई, सांगली

नमस्कार ताई,

तिच्या बाबांना एक उदाहरण सांगा. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध २, शके १५४९ चा, म्हणजे १६२७ सालचा, असं बराच काळ मानलं जाई. त्याला आधार होता उत्तरकालीन बखरींचा. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली ही टिपणं. तिथी आणि प्रसंग, बाकी वर्णनाचा पसारा नाही. तिच्यात जन्मतिथी आहे फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा फरक!

अर्थात, एकट्या कागदावर विसंबून चालत नाही. परमानंदाचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य महाराजांच्या हयातीत रचलेलं, त्यातही हीच तिथी निघाली. जोधपूरकडच्या जुन्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही जुळली. मावळातलं देशमुख घराणं, संस्कृत कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असण्याची शक्यता फार कमी. म्हणून त्यांच्या एकमताला वजन आलं. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती थेट २००१ मध्ये, आणि तिथीप्रमाणे जयंती करणारे आजही आहेतच.

इतिहासकाराचं काम हेच. कागद कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, आणि त्याला ती गोष्ट कळली कशी, हे तो विचारतो. बखरही तो फेकून देत नाही. ती लिहिली गेली त्या काळाला महाराज कसे दिसत होते, हे तिच्यातूनच कळतं. मला या विषयातलं हे सर्वांत सुंदर वाटतं. आणि काम संपलेलं तर मुळीच नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. ते वाचणारी माणसं फार थोडी.

आता पोटापाण्याचं. नुसत्या बी.ए.वर भिस्त ठेवू नका. कॉलेजात कायम प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात, आणि नेट-सेट, पीएच.डी. होईतो तिशी उजाडते. ही तयारी घरात असायला हवी. पण पहिल्या वर्षापासून मोडी शिकली तर हातात कौशल्य येतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली, ते तुम्ही पाहिलंच असेल. जोडीला फारसी घेतली तर संशोधनाची दारं उघडतील. गोव्याच्या दफ्तरांत रस असेल तर पोर्तुगीज. उत्खननाची ओढ असली तर पदवीनंतर डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आहे. अभिलेखागार, संग्रहालयं, स्पर्धा परीक्षा हेही मार्ग आहेत.

टक्क्यांवरून मात्र ठरवू नका. या सुट्टीत तिला घराण्यातले जुने खरेदीखत, सातबारा, पत्रं काढून द्या आणि आजी-आजोबा सांगतात ती घराण्याची हकिकत त्यांच्याशी ताडून पाहायला सांगा. कुठे जुळत नाही ते शोधण्यात ती रमली, तर प्रवेश अर्ज भरा. दोन दिवसांत कंटाळली, तर मला पुन्हा लिहा. विज्ञान शाखेतून निघणाऱ्या वाटांबद्दल बोलू.