संघ बदलला की खेळ सुधारतो का?

प्रश्न : अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये जेम्स हार्डन ओक्लाहोमा सिटीच्या संघात सामन्याला १६.८ गुण करायचा, ह्यूस्टनला गेल्यावर पहिल्याच हंगामात २५.९. हा संघबदलाचाच परिणाम ना?

परिणाम खरा, पण त्याला सुधारणा म्हणायची घाई नको. २०११-१२ मध्ये तो बहुतेक वेळा बेंचवरून येऊन ३१.४ मिनिटे खेळायचा. ह्यूस्टनला सुरुवातीच्या पाचांत, ३८.३ मिनिटे. जुन्याच वेगाने तेवढी मिनिटे खेळला असता तरी २०.५ गुण झाले असते. म्हणजे वाढीतले जवळजवळ चार गुण निव्वळ वेळेचे. बाकीचे चेंडू जास्त हातात आल्याचे: ओक्लाहोमात केव्हिन ड्युरंट आणि रसेल वेस्टब्रुक हे दोन मोठे खेळाडू वाटेकरी होते.

आता अचूकता बघा. ‘ट्रू शूटिंग’ म्हणजे सगळ्या प्रकारचे शॉट धरून काढलेली अचूकता. ती काढायला मैदानी प्रयत्नांत (खेळ चालू असताना मारलेले शॉट) फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) प्रयत्नांची ०.४४ पट मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि गुणांना तिने भागा. हार्डनचा आकडा ६६ टक्क्यांवरून ६० वर आला. अवघड शॉट त्यालाच घ्यावे लागत होते, त्यामुळे ही घसरण मला दोष वाटत नाही. एवढा भार पेलून ६० टक्के म्हणजे उत्तमच.

प्रश्न : मग खरोखर सुधारलेला कोण?

लॉरी मार्कानेन. क्लीव्हलंडला २०२१-२२ मध्ये १४.८ गुण, पुढच्या हंगामात युटाला २५.६, मिनिटे मात्र ३०.८ वरून ३४.४ एवढीच वाढली. मैदानी अचूकताही ४४.५ वरून ४९.९ टक्क्यांवर गेली. भार आणि अचूकता एकदमच वाढणे दुर्मीळ. क्लीव्हलंडला बास्केटजवळ ॲलन आणि मोबली हे दोन उंच खेळाडू असल्याने हा सात फुटी गडी बराच वेळ बाहेर उभा राहायचा. युटाने त्याला स्क्रीनमागून (सहकारी बचावपटूची वाट अडवतो, त्या आडोशाने) पळवले, आत कट करायला, म्हणजे बास्केटकडे अचानक धावायला लावले. सगळे श्रेय युटाचे नाही, वय २५ म्हणजे तसेही बहराचे.

प्रश्न : वेस्टब्रुक लेकर्सकडे जाऊन का फसला?

चेंडू संघातला मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्सकडे असताना त्याला बाहेर थांबावे लागे, आणि लेकर्सकडच्या पहिल्या हंगामात त्याचे थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) ३० टक्केही पडत नव्हते. बचावपटू त्याला मोकळा सोडून आत गर्दी करत.

प्रश्न : मी कॉलेजच्या संघात गार्ड (बाहेरून खेळ मांडणारा खेळाडू) आहे. क्लब बदलू का?

आधी नव्या क्लबचे दोन-तीन सामने बघा. सामना अटीतटीचा असताना शेवटची पाच मिनिटे तुमच्या जागी कोण खेळतो? चेंडू पुढे कोण आणतो? दोन्हीचे उत्तर एकच पक्का खेळाडू असेल, तर तुमची मिनिटे कुठून येणार, हे कोचना सरळ विचारा.

बदललात तर थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीवरून लगेच निष्कर्ष काढू नका. सामन्याला चार प्रयत्न धरले तर दहा सामन्यांत चाळीस. त्यांतले १४ पडले तर ३५ टक्के, १६ पडले तर ४०. दोन चेंडूंचा खेळ! त्यापेक्षा टर्नओव्हर (चेंडू समोरच्या संघाकडे गमावणे) मोजा, आणि प्रत्येकापुढे कारण लिहा: चुकीचा पास, ड्रिबल सुटणे, की सहकारी कुठे कट करणार ते न कळणे. तिसऱ्या प्रकारचे सरावाने महिन्याभरात कमी व्हायला हवेत. पहिले दोन तुमचे स्वतःचे, ते जुन्या क्लबातही होतेच.