प्रॉडक्शनमध्ये मेंटेनन्स स्क्रीन फक्त डिस्प्लेमध्ये उघडते? रोल वाढवण्याआधी हे बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. तुम्ही सॅप या कंपनी-सॉफ्टवेअरमध्ये झेड टेबलासाठी (म्हणजे आपण स्वतः बनवलेल्या टेबलासाठी) व्ह्यू_मेंटेनन्स_कॉल हे टेबलाची स्क्रीन उघडणारं फंक्शन ॲक्शन 'यू' (अपडेट, म्हणजे बदल) देऊन बोलावलंय, डेव्हलपमेंटला (जिथे प्रोग्रॅम बनतो) झकास चालतंय, प्रॉडक्शनला (जिथे रोजचं खरं काम चालतं) मात्र तेच टेबल नुसतं बघता येतंय. युजर रोल (परवानग्यांचा संच) वाढवून मागतोय आणि तुम्ही विचारताय, सरळ एसएम३० (टेबलं थेट बदलायची सर्वसाधारण स्क्रीन) देऊन टाकू का? नका देऊ.

मेंटेनन्स डायलॉग (टेबल बदलायची तयार स्क्रीन) जनरेट झालाय, तिचा कोड ज्यात असतो तो फंक्शन ग्रुप ट्रान्सपोर्टमधून प्रॉडक्शनला गेलाय, हे धरून चालतो.

आधी त्याच युजरच्या लॉगिनमधून एसयू५३ (शेवटची फेल झालेली परवानगी दाखवणारी स्क्रीन) बघा. एस_टॅबू_डीआयएस किंवा एस_टॅबू_एनएएम (टेबलाच्या परवानग्या तपासणारे ऑब्जेक्ट) ॲक्टिव्हिटी ०२ ला (म्हणजे बदल करण्याला) अडकलेलं दिसलं, तर खरंच परवानगीचा मामला आहे. तिथे काहीच नसेल तर रोलचा नाद सोडा. स्क्रीन उघडताना क्लायंट (सॅप सिस्टीममधला स्वतंत्र कप्पा, ज्यात लॉगिन करतो तो) 'नॉट मॉडिफाएबल' आहे असा एक मेसेज येतो. युजर तो न वाचता एंटर मारतो आणि तिकीट टाकतो, "ऑथोरायझेशन नाही".

आमच्याकडे नेमकं हेच झालं. ऑथोरायझेशन सांभाळणाऱ्या टीमने (नाव घेत नाही, असे लोक सगळीकडेच असतात) आधी एक रोल दिला. मग त्याहून मोठा. शेवटी ऑथोरायझेशन ग्रुप (परवानगीसाठी टेबलांचा केलेला गट) &एनसी& ला थेट ०२. म्हणजे ज्या ज्या टेबलाला कुठलाच ग्रुप लावलेला नाही, ती सगळी त्या युजरला खुली! स्क्रीन तरीही डिस्प्लेमध्येच. दर वेळी तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' करून बंद, आम्ही पुन्हा उघडायचं, पुन्हा नवा माणूस, पुन्हा "एसयू५३ चा स्क्रीनशॉट पाठवा". तो स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून तिकिटाला जोडलेला होता आणि त्यात एकही चेक फेल नव्हता. पुढे ऑडिटवाल्यांनी विचारलं, &एनसी& कोणी मागितलं? उत्तर आलं, "तिकीट डेव्हलपमेंट टीमचं आहे." आम्ही ते कधी मागितलंच नव्हतं. असो.

खरं कारण एससीसी४ मध्ये (क्लायंटची सेटिंग्ज असलेल्या स्क्रीनमध्ये) होतं. प्रॉडक्शन क्लायंट कस्टमायझिंगला (सिस्टीमची मांडणी ठरवणाऱ्या सेटिंग्जच्या बदलांना) बंद असतो, आणि तो तसाच असायला हवा. टेबलाचा डिलिव्हरी क्लास (त्यातला डेटा कुठल्या प्रकारचा हे सांगणारी खूण) 'सी' असेल तर सिस्टीम त्याला कस्टमायझिंग समजते आणि बदल करू देत नाही. रोल कितीही मोठा असला तरी.

माझं मत विचाराल तर, जो डेटा युजर रोजच्या कामात बदलतो त्याला 'सी' लावूच नये, 'ए' (कामकाजाचा डेटा) लावावा. सोबत मेंटेनन्स डायलॉग बनवतो त्या जनरेटरमध्ये रेकॉर्डिंग रूटीन (बदल ट्रान्सपोर्टमध्ये नोंदवायची सोय) 'नो' आहे ना, तेही बघा. पण एक लक्षात ठेवा, फक्त कस्टमायझिंगची क्लायंट कॉपी घेतली तर 'ए' क्लासच्या टेबलातला डेटा तिकडे जात नाही. टेस्ट क्लायंटला टेबल रिकामं दिसलं की घाबरू नका.

'सी' ठेवणं भागच असेल तर एसओबीजेमध्ये (मेंटेनन्स ऑब्जेक्टची सेटिंग्ज असलेल्या स्क्रीनमध्ये) त्या ऑब्जेक्टला 'करंट सेटिंग्ज'चा फ्लॅग लावता येतो, म्हणजे क्लायंट बंद असूनही ते टेबल बदलता येतं. मात्र एससीसी४ मध्ये क्लायंटचा रोल 'प्रॉडक्शन' असेल तरच तो लागू पडतो. क्वालिटीच्या (चाचणीच्या सिस्टीममधल्या) क्लायंटचा रोल बहुधा 'टेस्ट' असतो, त्यामुळे तिथे तपासून "फ्लॅग चालत नाही" असा निष्कर्ष काढाल आणि भलतीकडे शोधत बसाल. हा आमचा अनुभव. तुमची सेटिंग्ज वेगळी असू शकतात, बेसिसवाल्यांशी (सॅप सिस्टीम सांभाळणाऱ्या टीमशी) बोलूनच हात लावा.

"पाच मिनिटं क्लायंट उघडून द्या" हा उपाय कोणी सुचवेल. तेवढ्या वेळात दुसरं कोण काय बदलेल याची जबाबदारी घेणार असाल तर खुशाल उघडा. स्वतःच्या प्रोग्रॅममधून टेबलावर थेट अपडेट मारणं तर त्याहून वाईट. लॉक नाही, चेक नाही.

तुमच्या कोडबद्दल दोन गोष्टी, न विचारता सांगतो. ज्यांना फक्त बघायचंय त्यांच्यासाठी ॲक्शन 'एस' (शो, म्हणजे फक्त दाखवा) दिलीत, पण वरचं डिस्प्ले-चेंजचं बटण तसंच आहे. ज्याच्याकडे ०२ आहे तो ते दाबून आरामात बदल करेल. फंक्शनच्या एक्सक्ल_सीयूए_फंक्ट या पॅरामीटरमध्ये (नको असलेली बटणं काढायची यादी) 'एईएनडी', म्हणजे त्या बटणाचा कोड, टाका. दुसरं, डीबीए_सेललिस्टने (फंक्शनला दिलेल्या अटींच्या यादीने) प्लांटप्रमाणे (कारखान्याप्रमाणे) गाळलेल्या ओळी दिसतात म्हणून ती सुरक्षा समजू नका; नवीन एंट्री दुसऱ्याच प्लांटची टाकली तर ती अडवायला मेंटेनन्स डायलॉगच्या इव्हेंट ०१ (सेव्ह होण्याआधी) किंवा ०५ (नवी एंट्री करताना) मध्ये स्वतः चेक लिहावा लागतो. आणि ती अटींची लिस्ट हाताने भरत बसण्यापेक्षा व्ह्यू_रेंजटॅब_टू_सेललिस्ट हे तयार फंक्शन वापरा. दोन अटींच्या मधला 'अँड' राहून गेल्याने वैतागलेले बरेच जण पाहिलेत.

एसयू५३ मध्ये खरोखरच काही अडकलेलं दिसलं, तर ऑब्जेक्टचं नाव आणि टेबलाचा ऑथोरायझेशन ग्रुप इथे टाका, मग त्यावर बोलू.