बाळाचं दुपटं मिळून विणताय? आधी हे ठरवा

अगं, रंगांवर तुमची आठवडाभर चर्चा चालेल, चालू दे. सुई आणि दोरा मात्र एकच हवा: ४ मिमीची क्रोशाची सुई, मऊ सुती दोरा, आणि तो एकीनेच एकदम आणून वाटायचा. वेगळ्या लॉटचा (म्हणजे वेगळ्या खेपेत रंगवलेला) पांढरासुद्धा शेजारी आला की वेगळा दिसतो. सहा जणींनी १२.५ सेंटिमीटरचे सहा-सहा चौकोन केले की ७५ सेंटिमीटरचं दुपटं होतं. तेवढं पुरे.

खरी गंमत हाताची. एकीचे खांब (क्रोशाचे उभे टाके) घट्ट, दुसरीचे सैल. त्याच नमुन्याचा चौकोन कुणाचा ११ भरतो, कुणाचा १४. म्हणून पहिला चौकोन प्रत्येकीने मोजून बघा. सैल हातवालीने तेवढी ४ ऐवजी ३.५ ची सुई घ्यावी, हात बदलायच्या भानगडीत पडू नये. जोडणी आणि कड एकीकडेच सोपवा (जिला गप्पा कमी लागतात तिच्याकडे!).

जाळीदार नमुना नको, बाळाची बोटं अडकतात. मणी-बटणं तर नकोच. दोऱ्याची टोकं नुसती कापू नका, शिवायच्या सुईने उलटसुलट आत ओवा.

बारशाआधी धुऊन, सपाट पसरून वाळवा. आणि बाळाच्या आईला सांगा, हे मांडीवर घेताना गुंडाळायला. झोपलेल्या तान्ह्याच्या अंगावर टाकायला नाही.