राखेतल्या मुलीला घरचा आवाज

ओस्लोहून एका आईने विचारले आहे : सहा वर्षांच्या मुलीला नाताळच्या आदल्या दिवशी 'पोपेल्कासाठी तीन हेझलनट' हा सिंड्रेलाच्या कथेवरचा चित्रपट पाहायचाच असतो, पण त्यात एकच पुरुष सावत्र आईपासून राजापर्यंत सर्वांचे संवाद नॉर्वेजियनमध्ये बोलतो आणि त्याखाली चेक संवादही ऐकू येतात. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीचा यामुळे गोंधळ होईल का, आणि त्याऐवजी इंग्रजी आवृत्ती शोधावी का?

शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या वर्गातील मुले ज्या आवाजात हा चित्रपट पाहतात, त्याच आवाजात तिनेही तो पाहावा. तो आवाज क्नुत रिसान या अभिनेत्याचा असून, १९७० च्या दशकापासून एनआरके वाहिनीमुळे तो नॉर्वेतील नाताळाचा भागच झाला आहे. एकट्याने अनेक पात्रे बोलणे आपल्याला तरी कुठे नवे आहे? कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा राजा, राणी, दासी सारे त्याच्याच मुखातून बोलतात, आणि समोर बसलेल्या लहान मुलांनाही कोण बोलते आहे हे नेमके कळते.

चित्रपट मूळ भाषेतच दाखवावा, असा काही पालकांचा आग्रह असतो. मात्र वात्स्लाव व्होर्लिचेक यांनी दिग्दर्शित केलेला हा १९७३ चा चित्रपट चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी यांची संयुक्त निर्मिती होता. राजाची भूमिका करणारे रोल्फ होप्पे जर्मन अभिनेते होते, त्यामुळे चेक आवृत्तीत त्यांना दुसऱ्याचा आवाज द्यावा लागला, आणि राजकुमार झालेले पावेल त्राव्हनीचेक यांच्या बोलण्यात मोराविया या पूर्वेकडील चेक प्रांताची ढब असल्याने त्यांचे संवादही पेत्र स्वोयत्का यांनी म्हटले. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, त्यातही उसने आवाज आहेतच.

मराठीची काळजी मात्र रास्त आहे. सुट्टीत चित्रपट दुसऱ्यांदा लावा, आवाज अगदी कमी करा आणि सर्व पात्रे तुम्हीच मराठीत बोला. प्रत्येक वाक्याचे भाषांतर करण्याची गरज नाही. प्रसंग तुमच्या शब्दांत आला की पुरे. चेकमध्ये 'पोपेल' म्हणजे राख, आणि सिंड्रेलाच्या 'आस्केपोत' या नॉर्वेजियन नावातही राखच आहे, हे तिला जरूर सांगा.

राजवाड्यातील नृत्याच्या प्रसंगी पोपेल्का चेहरा झाकून राजकुमाराला कोडे घालते, तिथे चित्रपट थांबवा. गालांवर राख, पण धुराडे साफ करणारा नाही. टोपीत पीस आणि खांद्यावर धनुष्य, पण शिकारी नाही. अंगावर चंदेरी पोशाख, पण राजकन्या नाही. हे कोडे तिच्याकडून मराठीत पाठ करून घ्या आणि फोनवर आजीला घालायला लावा. आजीने चित्रपट पाहिलेला नसेल, तर उत्तर पटवून देण्यासाठी मुलीला सगळी गोष्ट मराठीतच सांगावी लागेल.